रिपोर्ट नॉर्मल आला, अंग अजून नाही: हायपरथायरॉईडच्या उपचारानंतरचे महिने

ऋता_इंदिरानगर

नमस्कार. हायपरथायरॉईड, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन जास्त होण्यावर, उपचार घेतलेले किंवा घरात कुणाला तो झालेला, असं इथे कोणी आहे का?

माझं वय ४१, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, शाळेत शिकवते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीपासून वजन उतरायला लागलं. फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा. रात्री कुशीवर वळलं की उशीत स्वतःचे ठोके ऐकू यायचे. टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं हार्मोन) जवळजवळ शून्य निघाला, फ्री टी-३ आणि फ्री टी-४ ही थायरॉईडची स्वतःची हार्मोन्स दोन्ही खूप वर. अँटिबॉडीची तपासणी झाली आणि ग्रेव्ह्ज डिसीज असल्याचं कळलं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडला जास्त हार्मोन बनवायला लावते. हार्मोन कमी करणारं कार्बिमॅझोल सुरू झालं, सोबत काही काळ धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल. धडधड आणि थरथर तशी लवकर थांबली. फ्री टी-४ आता बरेच महिने नॉर्मल येतोय, टीएसएच मात्र अजून खालीच आहे.

घरचे सगळे मायेचे आहेत, पण "आता तर नॉर्मल आलं ना?" हे वाक्य ऐकलं की मला काही बोलताच येत नाही. कारण अंग नॉर्मल नाहीये. जमिनीवर बसले तर हाताचा टेका घेतल्याशिवाय उठता येत नाही. शाळेचा दुसरा मजला चढताना मांड्या भरून येतात. केस मुठीने जातायत. गेलेलं वजन परत आलं आणि वर आणखी चढलं. वर्षभर ज्या मुलांना शिकवलं त्यांची नावं ऐनवेळी आठवत नाहीत. घरात क्षुल्लक गोष्टीवरून आवाज चढतो आणि मग रडू येतं.

हे असंच असतं का? किती काळ? आणि तुम्ही या काळात दिवस कसे काढलेत?

नाशिकरोडकर

ताई, असंच असतं. माझा उपचार वेगळा होता, त्याबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो. तूर्त एवढंच सांगतो की मांड्यांची ताकद मला पूर्ण परत मिळाली. पांडवलेणीच्या पायऱ्या आता न थांबता चढतो. मात्र रिपोर्ट नीट आल्यानंतरही त्याला बरेच महिने लागले.

परीक्षानळी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आयुष्यभर काम केलं, आता निवृत्त आहे. दोन गोष्टी सांगते.

पहिली टीएसएचबद्दल. तो मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो. रक्तात बराच काळ थायरॉईडचं हार्मोन जास्त राहिलं की ती ग्रंथी दबून जाते, आणि हार्मोन जागेवर आलं तरी तिला पुन्हा कामाला लागायला काही आठवडे, कधी कधी काही महिने लागतात. त्यामुळे या काळात टीएसएच कमी दिसला म्हणजे आजार तसाच आहे असं नाही. सुरुवातीचे महिने फ्री टी-४ आणि टी-३ कडे बघायचं असतं. लोक मोबाईलवर रिपोर्ट उघडतात, टीएसएचपुढचा लाल बाण बघतात आणि दिवस खराब करून घेतात. लॅबच्या खिडकीशी असे कितीतरी चेहरे मी पाहिलेत.

दुसरं म्हणजे, केसांसाठी कुठली गोळी घेता का? पाकिटावर बायोटिन (केसांसाठी देतात ते ब जीवनसत्त्व) लिहिलंय का ते बघा.

ऋता_इंदिरानगर

@परीक्षानळी, घेते. त्वचेच्या डॉक्टरांनी दिली आहे. आत्ता पाकीट बघितलं, बायोटिन १० मिलिग्रॅम.

परीक्षानळी

मग हे नीट वाचा. थायरॉईडच्या बऱ्याच चाचण्यांच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं. तुमच्या रक्तात बाहेरचं बायोटिन भरपूर असेल तर अशा मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ खोटा जास्त येऊ शकतो. कागदावर अगदी हायपरचंच चित्र तयार होतं. गोळीने तुम्हाला अपाय झालेला नाही, फक्त आकड्यांवर विसंबता येत नाही. पुढच्या तपासणीआधी निदान दोन दिवस ती बंद ठेवा. मात्रा मोठी असल्याने आणखी किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा. लॅबमध्येही सांगून ठेवा. हे रुग्णाला आपणहून कोणी विचारत नाही, म्हणून प्रत्येक धाग्यावर मी हे लिहिते.

ओपीडी_नंतर

मी फिजिशियन आहे. इथे कुणाचं औषध ठरवणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण हा काळ असा का जातो ते सांगतो, कारण ओपीडीत ते सांगायला वेळ पुरत नाही आणि रुग्ण मनातल्या मनात स्वतःला दोष देत राहतो.

कार्बिमॅझोल नवं हार्मोन तयार होणं रोखतं, आधी तयार होऊन ग्रंथीत साठलेलं नाही. नवं धान्य येणं थांबलं तरी कणगीत आहे ते संपेपर्यंत घर तेच खात असतं, तसं. म्हणून पहिले तीन ते सहा आठवडे औषध चालू असूनही फरक जाणवत नाही. तेवढ्या काळात धडधड आणि थरथर आवरायला प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असणाऱ्यांनी ते आधीच सांगावं, त्यांना ही गोळी चालत नाही.

आता रक्त सुधारल्यानंतरचं. जास्तीच्या हार्मोनने कित्येक महिने स्नायू झिजवलेले असतात, विशेषतः मांड्या, कंबर आणि खांदे यांचे. जमिनीवरून उठणं, जिना चढणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं नेमकं तेच जड जातं. ऋताताई, तुम्ही जे लिहिलंत ते या आजाराचं अगदी ओळखीचं लक्षण आहे. हार्मोन नॉर्मल झालं की झीज थांबते, पण गेलेला स्नायू पुन्हा बांधायला महिने लागतात. त्याला पुरेशी प्रथिनं लागतात आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम लागतो.

केसांचं असं की शरीराला मोठा धक्का बसला की त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ते गळतात. म्हणजे आज गळणारा केस जुन्या बिघाडाचा असू शकतो. हार्मोन स्थिर राहिलं तर ते बहुधा परत येतात.

वजनाबद्दल बायका फार खचतात, म्हणून तेही सांगतो. आजारात शरीर जास्त जाळत होतं आणि भूकही वाढलेली होती. औषधाने जाळणं कमी झालं, भूक मात्र सवयीने तेवढीच राहते काही काळ. बऱ्याच जणांचं वजन आजाराआधीच्या वजनाच्याही पुढे जातं. हा आळस किंवा जिभेचा दोष नव्हे.

मन आणि स्मरण सगळ्यात शेवटी सुधारतं, असा माझ्या रुग्णांचा अनुभव आहे. अस्वस्थता, चिडचिड, लक्ष न लागणं हे रक्त नॉर्मल झाल्यावरही रेंगाळतं. झोप बिघडलेली असेल किंवा उदासी खोल असेल तर त्याची वेगळी मदत घ्या.

एक मात्र तपासून घ्याच. कधी कधी औषध थोडं जास्त होतं आणि थायरॉईड दुसऱ्या टोकाला, म्हणजे कमी व्हायला लागतो. थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, चेहरा सुजल्यासारखा, सुस्ती. अशा वेळी "होईल हळूहळू" म्हणत थांबायचं नाही, फ्री टी-४ करून डोस बदलून घ्यायचा. सोबत हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व बघा. शाकाहारी घरांत यातलं काही ना काही बऱ्याचदा कमी निघतं.

आणि कार्बिमॅझोल घेणाऱ्या प्रत्येकासाठी: ताप आणि घसा दुखणं किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा आणि डॉक्टरांना भेटा. क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात. बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत, पण नंतरही होऊ शकतं. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तरीही तसंच. साधा घसा आहे म्हणून घरी बसू नका.

सुनेत्रा_पंचवटी

माझ्या आईचं सांगते, वय ७२. तिला थरथर नाही, घाम नाही, काहीच नव्हतं. नुसती थकलेली, भूक मेलेली, वजन उतरलेलं. वय झालं असं सगळे म्हणत होते. हृदयाचे ठोके अनियमित झाले म्हणून दाखल केलं, तेव्हा थायरॉईड सापडला. म्हाताऱ्या माणसांत तो असा गप्प असतो, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

तिला रक्त पातळ करायची वॉरफरिन सुरू होती. थायरॉईड खाली येत गेला तशी त्या गोळीची मात्रा वाढवावी लागली. घरात कुणी दोन्ही औषधं घेत असेल तर आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी चुकवू नका. ठोके काही महिन्यांनी आपोआप नियमित झाले. आता संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, भाजी आणायला स्वतः जाते, पिशवी मात्र मी उचलते.

निसर्गमित्र

एवढी औषधं कशाला? आयोडीनचं मीठ बंद करा, सैंधव वापरा. सकाळी धण्याचं पाणी. माझ्या ओळखीत एकाने गोळ्या सोडल्या, आता उत्तम आहे.

ओपीडी_नंतर

धण्याचं पाणी पिण्याला हरकत नाही, गोळी सोडण्याला आहे. ग्रेव्ह्जमध्ये काही जणांचा आजार आपला आपण शमतो, तसं त्या गृहस्थांचं झालं असेल. पण अर्धवट औषध सोडल्यावर थायरॉईड उसळला तर हृदय धोक्यात येतं, आणि त्यातली सगळ्यात वाईट अवस्था जिवावर बेतणारी असते. स्वयंपाकातलं साधं आयोडीनचं मीठ बंद करायची गरज नसते. टाळायचं ते समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल, ज्यांत आयोडीन भरमसाट असतं. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या रंगद्रव्यातही बहुधा आयोडीन असतं, तेव्हा स्कॅनआधी थायरॉईडचं सांगा.

नाशिकरोडकर

कबूल केल्याप्रमाणे लिहितो. गोळ्यांचा कोर्स पूर्ण होऊन आजार उलटला, म्हणून मी किरणोत्सारी आयोडीन घेतलं. नाव ऐकून घरात रडारड झाली होती. मी त्याबद्दल वाचून काढलं. १९४१ मध्ये बोस्टनला सॉल हर्ट्झ या डॉक्टरांनी थायरॉईडसाठी ते पहिल्यांदा दिलं, म्हणजे ऐंशी वर्षांहून जुना उपचार आहे. हे सांगितल्यावर आई शांत झाली.

उपचार मुंबईला झाला. एरवी आम्ही पंचवटी एक्सप्रेसने जातो-येतो, पण येताना गाडी केली आणि मी एकटा मागे बसलो, कारण त्या दिवशी गर्दीत बसायचं नसतं. घरी वेगळी खोली, वेगळं अंथरूण, भरपूर पाणी, संडास वापरल्यावर दोनदा फ्लश. पुतणी लहान होती, तिला काही दिवस माहेरी पाठवलं वहिनीसोबत. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणजे तेवढ्या दिवसांत त्याचा किरणोत्सार निम्मा होतो. किती दिवस लांब राहायचं ते दिलेल्या मात्रेवर ठरतं आणि लेखी देतात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला हा उपचार देतच नाहीत, आणि घेतल्यावर बाईने निदान सहा महिने दिवस जाऊ द्यायचे नसतात.

खरी परीक्षा नंतर होती. परिणाम हळूहळू दिसतो, महिने लागतात. मधे एक काळ असा आला की मला जानेवारीच्या थंडीत स्वेटरवर शाल लागायला लागली, चालणं संथ झालं, आवाज जड झाला. टीएसएच तेव्हाही कमीच होता, म्हणून सगळ्यांना वाटलं अजून हायपरच आहे. डॉक्टरांनी फ्री टी-४ बघितला, तो पार खाली. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडच्या हार्मोनचीच गोळी, सुरू केलं. आता ते जन्मभर आहे आणि मला त्याचं ओझं वाटत नाही. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर गोळी, मग अर्ध्या-पाऊण तासाने चहा. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. डोस बदलला की सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी, त्याआधी केली तर आकडा खरा कळत नाही.

चालायला मी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सुरुवात केली. पहिल्यांदा एक फेरीसुद्धा पुरेशी होती. नाडी बघायची, धाप लागली की बाकावर बसायचं. घाईने जोर-बैठका काढून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

द्राक्षबाग

निफाड तालुक्यातून लिहितोय. मंडळींना ग्रेव्ह्जच. दीड वर्ष गोळ्या नीट घेतल्या, डॉक्टरांनी तपासून बंद केल्या आणि पुढच्या हंगामात पुन्हा आलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या थांबवल्यावर साधारण निम्म्या लोकांत ते परत येतं, यात तुमची काही चूक नाही. मग शस्त्रक्रिया करून घेतली. ऑपरेशननंतर ओठाभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या, कॅल्शियम कमी झालं होतं. ते लगेच सांगायचं असतं. गोळ्यांनी भरून आलं.

ताई, तुमचा प्रश्न दिवस कसे काढले हा आहे ना. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीच्या वेळी घरातलं कोणी बसून राहत नाही, आणि हिला तर बसवतच नव्हतं. मी आणि वडिलांनी ठरवलं की ती बागेत उभ्याने काम करणार नाही. मजुरांची हजेरी, औषधांच्या फवारणीची वही, बँकेचं काम तिच्याकडे. पाणी भरणं, गाई आमच्याकडे. दुपारी झोप घ्यायचीच, कुणी पाहुणे असोत. सुरुवातीला शेजारी बोलले. आई त्यांना म्हणाली, सुनेच्या अंगातलं दिसत नाही म्हणून ते नाही असं नसतं. त्यानंतर कोणी बोललं नाही.

तुमच्या घरच्यांना हा धागा वाचायला द्या.

केतन_सातपूर

माझे डोळे बाहेर आले होते. थायरॉईड नॉर्मल झाला तरी डोळे त्याच वेगाने बरे होत नाहीत, त्यांचं चक्र वेगळं असतं. सिगारेट ओढत असाल तर ती सोडणं हा यातला सगळ्यात मोठा उपाय, डॉक्टर पहिल्या भेटीत हेच म्हणाले. मी सोडली. मला अश्रूंसारखे थेंब, रात्री उशी उंच, आणि सौम्य आजार होता म्हणून सहा महिने सेलेनियम दिलं. अंबडला कंपनीत जाताना बाईकवर पूर्ण बंद चष्मा लावतो, धूळ फार.

एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या किंवा रंग फिके वाटले तर थांबू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. आणि डोळ्यांचा त्रास असेल तर किरणोत्सारी आयोडीनचा निर्णय घेण्याआधी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा, त्याने डोळे बिघडू शकतात.

मृण्मयी_के

माझं बाळ चार महिन्यांचं. धडधड होते, टीएसएच कमी आलाय. मैत्रीण म्हणते ग्रेव्ह्ज असेल, गोळ्या लगेच सुरू कर. अंगावर पाजतेय. काय करू?

ओपीडी_नंतर

@मृण्मयी_के, मैत्रिणीच्या सांगण्यावरून गोळी नको. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत थायरॉईडला सूज येऊन साठलेलं हार्मोन रक्तात सांडतं, असा एक वेगळा प्रकार आहे. त्यात कार्बिमॅझोलचा उपयोग नसतो, कारण नवं हार्मोन जास्त बनत नसतं. तो टप्पा ओसरतो आणि नंतर बऱ्याच जणींचा थायरॉईड काही काळ कमी होतो. टीआरएबी ही अँटिबॉडी तपासणी या दोन आजारांत फरक करायला मदत करते. ग्रेव्ह्ज निघालाच तरी कमी मात्रेत औषध घेऊन बाळाला पाजता येतं, डॉक्टरांच्या देखरेखीत. या आठवड्यात दाखवा. ऋताताईंसारख्या ज्या गोळ्यांवर आहेत आणि पुढे बाळाचा विचार करतायत, त्यांनी दिवस जाण्याआधीच सांगावं. पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमॅझोल टाळतात, गरज असेल तर दुसरं औषध देतात.

मृण्मयी_के

धन्यवाद डॉक्टर. उद्याच जाते.

ऋता_इंदिरानगर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, तपासणीची वाट बघत होते. परीक्षानळी मावशी, बायोटिन आठवडाभर बंद ठेवून रक्त दिलं. टीएसएच आता मोजता येईल इतका वर आलाय. फ्री टी-४ मात्र नॉर्मलच्या अगदी खालच्या टोकाला आहे. म्हणजे अलीकडे जी सुस्ती आणि थंडी वाटत होती त्याला कारण होतं. डॉक्टरांनी कार्बिमॅझोलची मात्रा कमी केली, सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. ड जीवनसत्त्व बरंच कमी निघालं, त्याचं सुरू केलं. गोळ्या कधी थांबवायच्या ते साधारण दीड वर्ष होईल तेव्हा टीआरएबी बघून ठरवू म्हणाले.

मुख्याध्यापिका बाईंना मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी माझे वर्ग तळमजल्यावर घेतले, जूनपर्यंत. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवलंय, पोळ्या बसून करते. रोज डाळ, उसळ, अंडं यातलं दोन वेळा तरी. सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर थोडं चालते, आणि खुर्चीवरून हात न लावता उठण्याचा सराव करते. डॉक्टरांनीच दाखवला तो.

द्राक्षबाग दादा, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी तुमच्या आईंचं वाक्य परत वाचायला सांगितलं. त्या दिवसापासून दुपारी माझ्या खोलीचं दार त्या स्वतः लोटून घेतात आणि दोन ते चार कुणाला आत येऊ देत नाहीत.

वहिनींची तब्येत आता कशी आहे?

द्राक्षबाग

बरी आहे ताई. थायरॉक्सिन चालू आहे. यंदा एप्रिल छाटणीला बागेत उभी होती, अर्धा दिवस. तेवढंच ठरवलंय या वर्षी.